सासूबाईंचा बिनगव्हाचा केक

बोटीवर सहलीला जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. त्यांच्या जेवणासाठी कुणी काडीचीही खटपट करायची नाही. बोटीवर केळी असतील, उकडलेले बटाटे असतील, तेवढ्यावर पाच दिवस सहज निघतात, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकून मी म्हणालो, "आई, ते सगळं माझ्यावर सोडा." काही वाक्यं उच्चारण्यापूर्वी माणसाने घोटभर पाणी प्यावं आणि पाण्याबरोबर ते वाक्यही गिळून टाकावं. हे त्यांतलं एक.

सासूबाईंना गहू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. गव्हात ग्लुटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो. तो कणभर जरी पोटात गेला तरी त्यांची आतडी संपावर जातात. सहा वर्षांपूर्वी हे निदान झालं. त्यानंतर एकदा कुणाच्या तरी घरी सूप दाट करायला घातलेलं चमचाभर पीठ पोटात गेलं आणि त्या चार दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडल्या होत्या. म्हणजे प्रकरण गंभीर. पण त्याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पर्यवेक्षक होत्या. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत बोलणं आटोपायची सवय अजून सुटलेली नाही, आणि बहुतेक वेळा समोरच्याचं बोलणं त्या पहिल्याच मिनिटात तोडतात.

जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. आमच्याकडे तो उपग्रह आहे. ठरलेल्या कक्षेत फिरतो आणि त्याच्यावर पडलेला उजेड दुसऱ्याचा असतो. एकोणतीस वर्षांत मी सासूबाईंसाठी जे जे करायला गेलो ते ते त्यांनी नंतर स्वतः उठून पुन्हा नीट केलं. त्यांच्या भिंतीवर मी मारलेला खिळा त्यांनी माझ्यासमोर उपटून दोन बोटं डावीकडे मारला होता. तेव्हा ही जेवणाची व्यवस्था म्हणजे माझ्या दृष्टीने शेवटची संधी होती. त्यात मी पाणीपुरवठा कार्यालयात मुख्य लिपिक. तीस वर्षं लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले. अर्ज करणं हे काम मला नाही जमणार तर कुणाला?

बातमी जिन्यात फुटली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त औषधविक्रेते राहतात. त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो, आणि त्यांना ते ठाऊक असून आवडतं. त्यांनी सांगितलं की ग्लुटेन म्हणजे शेवटी गोंदच. तेव्हा सासूबाईंना पाकिटंसुद्धा जिभेने चिकटवू देऊ नका. समोरच्या काकूंनी विचारलं की चालत नाही म्हणजे नेमकं किती चालत नाही, एखादा घास तरी चालत असेल ना. मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तो घास मीच सासूबाईंच्या तोंडातून काढून घेतला. तळमजल्यावरचे विमा एजंट म्हणाले की बोट ही हलणारी वस्तू आहे, पोटातलं तसंही काही पोटात राहत नाही, मग काय खाल्लं याने फरक काय पडतो. ते मात्र मी सासूबाईंना सांगितलं नाही.

मी रीतसर सुरुवात केली. सहल कंपनीतल्या मुलीने मला जहाज कंपनीच्या विशेष आहार कक्षाचा फॉर्म पाठवला. फॉर्म पाहून मला बरं वाटलं. सहा पानं होती, प्रत्येक पानावर सही होती, आणि सहीखाली पुन्हा नाव होतं. हे आपले लोक आहेत असं वाटलं. फॉर्मसोबत डॉक्टरांचा दाखला हवा होता, आणि तो तीस दिवसांच्या आतला हवा होता. डॉक्टर म्हणाले, हा आजार जन्मभराचा आहे, सहा वर्षांपूर्वीचा दाखला काय वाईट आहे? मी त्यांना समजावलं की आजार जुना असला तरी चालतो, दाखला ताजा लागतो. त्यांनी तो लिहून दिला, पण माझ्याकडे पाहून त्यांनी माझाही रक्तदाब तपासून घेतला.

खरी अडचण पुढे होती. चौथ्या पानावर एक रकाना होता: 'सदर आहारविषयक निर्बंध कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे?' मी लिहिलं, आजन्म. फॉर्म परत आला. तारीख हवी. मी लिहिलं, लागू नाही. फॉर्म परत आला, कारण निर्बंध लागू नसेल तर अर्जच कशाला. आता माझ्यासमोर मोठा नैतिक प्रश्न उभा राहिला. निर्बंध आजन्म आहे आणि रकान्यात तारीख टाकायची, म्हणजे मी नेमकी कोणती तारीख ठरवत होतो? मी उदार मनाने पन्नास वर्षांनंतरची टाकली. संगणकाने ती घेतली नाही. त्याची मर्यादा दहा वर्षांची होती. शेवटी मी बरोबर दहा वर्षांनंतरची तारीख टाकली आणि प्रत सहीसाठी सासूबाईंकडे नेली. त्यांनी चष्मा लावून सहाही पानं वाचली. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"त्र्याऐंशी," त्या आपल्या वयाचा हिशेब करून म्हणाल्या. "बरी मुदत दिलीत. मी सत्त्याऐंशी धरून चालले होते."

आणि सही केली. त्यानंतर आठवडाभर बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

एवढं होऊन आहार मंजूर झाला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळं वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या ओट्यावर. खरं म्हणजे मी इथे थांबायला हवं होतं. पण एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना बायको सहज म्हणून गेली की आई केकसाठी अगदी वेडी होती. लहानपणी घरात केक आला की आई मुलांना दोन-दोन तुकडे द्यायची आणि खोक्याला चिकटलेलं क्रीम स्वतः चमच्याने खरवडून खायची, तेही कुणी बघत नसताना. सहा वर्षांत तिने केकचं नाव घेतलेलं नाही. हे ऐकलं आणि माझ्यातला उपग्रह कक्षा सोडून निघाला.

मी आहार कक्षाला विचारलं. उत्तर आलं की गोड पदार्थ आहारात मोडत नाहीत. ते समारंभ विभागाकडे येतात, आणि काही समारंभ असेल तरच मिळतात. हा नियम मला मनापासून पटला. आमच्याकडेही नळ एका विभागाचा आणि पाणी दुसऱ्या विभागाचं असतं. समारंभाचे तीन प्रकार होते. पहिल्या दोन प्रकारांत एकदाच केक, तिसऱ्यात रोज. हे मला सहल कंपनीतल्या मुलीने फोनवर सांगितलं. माझ्या टेबलासमोर त्या वेळी पाणी न येणाऱ्या एका अख्ख्या गल्लीचं शिष्टमंडळ उभं होतं. तिने विचारलं, रोज केकवाला प्रकार टाकू का? मी म्हटलं, टाका. तिने विचारलं, दोन व्यक्ती लागतात, मुख्य प्रवासी तुम्ही आणि दुसऱ्या ज्यांचा विशेष आहार आहे त्या, बरोबर? मी म्हटलं, अगदी बरोबर. चार दिवसांनी चौदा पानांचा मंजुरीचा कागद आला. तो मी वाचला नाही. सरळ फाइलला लावला. तीस वर्षांच्या नोकरीत हाताला तेच वळण पडलं आहे. कागद फाइलला लागला की काम झालं.

बोट पाहायला आम्हा तिघांनाही मान वर करावी लागली. अकरा मजली इमारत कुणीतरी पाण्यात सोडून दिल्यासारखी दिसत होती. आमच्या दोन खोल्या होत्या. मी आणि बायको एकीत, शेजारी सासूबाई, असा माझा हिशेब होता. स्वागतकक्षातल्या माणसाने बायकोच्या हातात एका लहान खोलीची किल्ली ठेवली, आणि मला व सासूबाईंना मिळून दुसऱ्या खोलीची दिली. वर दोघांच्या गळ्यात एकेक फुलांचा हार घालून हात जोरजोरात हलवले. काहीतरी गफलत झाली असणार, वर जाऊन बघू, म्हणून आम्ही निघालो.

खोलीच्या दारावर लाल कागदी हृदय होतं. त्यावर माझं आणि सासूबाईंचं नाव सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं आणि खाली 'नवदांपत्याचे स्वागत' असं होतं. आत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, आणि टॉवेल दुमडून केलेले दोन हंस, एकमेकांच्या चोचीला चोच लावून.

बायको दाराशीच खाली बसली. आधी मला वाटलं तिला चक्कर आली. मग कळलं की ती हसते आहे, आणि तिच्याने उठवत नाही. सासूबाई आत गेल्या, हंसांभोवती एक चक्कर मारली आणि एकाची मान धरून तो उलगडला.

"टॉवेल चांगल्या प्रतीचा आहे," त्या म्हणाल्या. "जावईबापू, तो कागद वाचला होतात ना?"

मी फाइल उघडली. नवव्या पानावर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

खोल्यांची अदलाबदल आम्ही आपापसात केली. मायलेकी हंसांच्या खोलीत, मी एकटा लहान खोलीत. मग मी तडक चौकशीच्या खिडकीवर गेलो. तिथे एक अतिशय सौजन्यशील बाई होती. आमच्या खात्यात एवढं सौजन्य फक्त निवृत्तीच्या दिवशी दिसतं. तिने सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि सांगितलं की नोंद एका मिनिटात रद्द करता येईल. मात्र सासूबाईंच्या आहाराची टीपही त्याच नोंदीला जोडलेली आहे. नोंद गेली की टीपही जाणार. नवा अर्ज मंजूर व्हायला बहात्तर तास. मी बोटांवर मोजलं. बहात्तर तासांनी आमच्या सहलीचे जेमतेम दोन दिवस उरणार होते. तोपर्यंत केळी आणि बटाटे.

मी वर येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. नोंद रद्द करायची की ठेवायची, तुम्हीच ठरवा म्हटलं. त्यांनी विचारलं की नोंद ठेवली तर आपल्याला काय करावं लागेल. मी म्हटलं, काही नाही, लोक अभिनंदन करतील. त्यांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाल्या, करू देत, चांगली सवय असते ती.

त्या संध्याकाळी जेवणाच्या दालनात आमच्या टेबलावर सासूबाईंसाठी खरोखरच सगळं वेगळं आलं. हातमोजे घातलेला वाढपी, झाकलेली ताटली, मक्याच्या पिठाचा पाव. माझी मान जरा ताठ झाली. तेवढ्यात दिवे मंद झाले, सहा वाढपी डबे बडवत आणि गात आले आणि आमच्या पुढ्यात एक छोटा पांढरा केक ठेवून गेले. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं. बायको हातरुमाल तोंडात कोंबून बसली होती.

सासूबाईंनी वाढप्याला दोन प्रश्न विचारले, पीठ कोणतं आणि भांडं कोणतं. उत्तरं नीट मिळाल्यावर काट्याने एक तुकडा तोडला आणि तोंडात घातला. मग त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी टाळ्या, डबे, गाणं सगळं विसरलो. एकोणतीस वर्षांत या बाईंना एखादी गोष्ट मनापासून आवडलेली मी पाहिली नव्हती. ती अशी दिसते हे मला तेव्हा कळलं. बायकोनेही तोंडातला रुमाल काढला आणि तो डोळ्यांना लावला.

डोळे न उघडताच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, सरळ बसा. फोटो काढतायत."

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. माझं टक्कल आणि सासूबाईंचा ताठ कणा यांची सरासरी काढून लोकांनी आमच्या वयांतलं अंतर परस्पर मिटवून टाकलं होतं. एक निवृत्त न्यायाधीश रोज सकाळी डेकवर मला गाठून हात दाबायचे आणि म्हणायचे की समाजाची पर्वा करू नका. एका बाईंनी सासूबाईंना विचारलं, तुमची दोघांची पहिली भेट कुठे झाली? सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "यांच्या लग्नात." त्या बाई पुढे दिवसभर माझ्याकडे अशा काही बघत होत्या, की मी वाचनालयात जाऊन बसलो. बायकोचं तर कुणाला कोडंच उलगडत नव्हतं. नवदांपत्याबरोबर सदैव फिरणारी ही तिसरी कोण? कुणी म्हणालं नर्स असेल, कुणी म्हणालं आधीची बायको असेल आणि तिचं मन मोठं असेल. न्यायाधीशांनी तिला थेट विचारलं तेव्हा तिने सांगितलं की मी दोघांचीही जवळचीच. तिला ही सहल इतकी आवडली की मला तिचा राग येऊ लागला.

पण रोज संध्याकाळी केक येत होता. एके दिवशी बदामाच्या पिठाचा, एके दिवशी तांदळाच्या. आणि तिसऱ्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सासूबाईंनी वाढप्याला एकही प्रश्न विचारला नाही. ताटली आली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्या खाऊ लागल्या. खिळा जागच्या जागी राहिला होता. मी त्या रात्री लहान खोलीत फार गाढ झोपलो.

चौथ्या दिवशी दुपारी चारला पोहण्याच्या तलावापाशी नवदांपत्यांचा खेळ होता. आमचं नाव यादीत होतंच. मी नको म्हणत होतो, पण सासूबाईंनी यादीत नाव असताना गैरहजर राहणं आयुष्यात केलेलं नाही. चार जोडपी होती. बाकीची तिन्ही पंचविशीतली, एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून उभी. आम्ही मध्ये हातभर अंतर ठेवून सावधान स्थितीत. ध्वनिक्षेपक घेतलेला सूत्रसंचालक आपल्या जोडीदाराबद्दल प्रश्न विचारत होता.

आम्ही जिंकलो. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. जोडीदाराला काय खाल्लेलं सोसत नाही, या प्रश्नावर बाकीच्यांनी कारलं, कांदा असं काहीबाही सांगितलं. मी बावीस पदार्थ वर्णानुक्रमाने सांगितले. मला डॉक्टरांचं नाव, औषधांच्या वेळा, रक्तगट, डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे सगळं पाठ होतं. जोडीदाराचा सगळ्यात मोठा दोष कोणता, असं सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्या क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "सही करण्याआधी वाचत नाहीत." मला दोष विचारला तेव्हा मी म्हटलं, एकही नाही. तीनशे माणसांनी कौतुकाने सुस्कारा सोडला. मी ते भीतीपोटी म्हटलं होतं, पण ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

बक्षीस म्हणून चाकांच्या टेबलावरून तीन मजली केक आला. सूत्रसंचालकाने भराभर एक तुकडा काट्यावर घेतला आणि सासूबाईंच्या तोंडाजवळ नेला. केक पांढराच होता, रोजच्यासारखा. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्यवस्था मी केलेली, चार दिवस सगळं नीट चाललेलं. त्यांनी तोंड उघडलं.

मी त्या केकच्या कडेला पाहिलं. जिथून तुकडा कापला होता तिथे तो पिवळसर, जाळीदार, फुगलेला होता. तीन संध्याकाळी बिनगव्हाचा केक जवळून पाहिल्यावर एक कळतं, तो बिचारा असा कधी फुगत नाही.

मी काट्यावर झडप घातली. तुकडा उडाला आणि शेजारी पाहुणा म्हणून उभ्या असलेल्या जहाजाच्या अधिकाऱ्याच्या शुभ्र गणवेशावर, बरोबर पदकांच्या ओळीत जाऊन बसला. लोकांना वाटलं ही लाडीगोडी आहे. ते ओरडू लागले, भरवा, भरवा. सूत्रसंचालकाने हसत दुसरा तुकडा घेतला. मी त्याच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाच्या हातून काही काढून घेतलं असेल.

"हा केक यांना देऊ नका," मी म्हणालो. माझाच आवाज अकरा मजल्यांवरून परत आला. "यात गहू आहे. यांना गहू चालत नाही. आणि ही माझी पत्नी नाही. या माझ्या सासूबाई आहेत. माझी पत्नी ती, तिकडे छत्रीखाली बसून रडते आहे ती. आमचं काही नवं लग्न झालेलं नाही. कागदावर तसं होतं, आणि तो कागद मी वाचला नाही. चूक कंपनीची नाही, माझी आहे."

शेवटचं वाक्य बोलताना मला घाम फुटला. मुख्य लिपिकाने चूक आपली आहे असं तोंडी कबूल केल्याचा आमच्या खात्यात दाखला नाही. मग न्यायाधीश उठून उभे राहिले आणि एकटेच टाळ्या वाजवू लागले. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण त्यांच्यामागून सगळेच वाजवू लागले. दुसरा क्रमांक आलेल्या जोडप्याने मात्र तेवढ्यात बक्षिसावर हक्क सांगितला, आणि ते रास्तच होतं.

सासूबाईंनी हातातल्या रुमालाने त्या अधिकाऱ्याची पदकं पुसली, आणि खोलीत निघून गेल्या. बायको म्हणाली, थोडा वेळ जाऊ द्या. मी लहान खोलीत जाऊन बसलो आणि आपल्याला पोहून किनारा गाठता येईल का याचा विचार केला. येणार नव्हता.

व्हायचं तेच झालं. तासाभरात नोंद रद्द झाल्याची चिठ्ठी दाराखालून सरकली. अर्थात टीपही रद्द. संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो तेव्हा हातमोजे घातलेला वाढपी आमच्या टेबलाकडे आलाच नाही. सासूबाईंनी एक केळं सोललं. ते मला बघवेना.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून एक धिप्पाड बाई बाहेर आली, कोपरापर्यंत पिठात माखलेली. ती थेट आमच्या टेबलाशी आली आणि सासूबाईंच्या पुढ्यात झाकलेली ताटली ठेवली. तिने सांगितलं की आपण इथल्या केकवाल्या. तुमचे रोजचे केक आपणच करत होतो. दुपारचं भाषण भटारखान्यातल्या कर्ण्यावर ऐकलं. आपल्या धाकट्या मुलालाही गहू चालत नाही, तेव्हा या ताटलीला कसली नोंद लागत नाही. उतरेपर्यंत जेवण आपण स्वतः आणून देऊ. सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी तिचा पिठाचा हात दोन्ही हातांत धरला. मी पटकन विचारलं, पीठ कोणतं? ती म्हणाली, तांदळाचं, आणि मग सगळेच हसलो. सासूबाईही.

उतरण्यापूर्वीचा सगळा दिवस सासूबाई त्या बाईच्या ओट्यापाशी स्टुलावर बसून होत्या. कृती लिहून घेतली, भट्टी कधी उघडायची नाही ते शिकल्या. मला तिथे प्रवेश नव्हता. तलावापाशी झालेल्या प्रकाराबद्दल त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, ना बोटीवर, ना बंदरावर, ना टॅक्सीत. मी मनाशी समजून चुकलो, की खिळा उपटला गेला.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दोघं या, एवढंच म्हणून ठेवून दिला. आम्ही गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक केक होता. रंगाने करडा, उंचीने दोन बोटं, मधोमध खचलेला. त्यांनी तो कापायला घेतला तेव्हा सुरी आधी घसरली, मग अडकली. शेवटी मी टेबल धरून ठेवलं आणि त्यांनी तीन तुकडे पाडले. आम्ही खाल्ले. म्हणजे प्रयत्न केला.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

बायको म्हणाली, फारच छान, अगदी बोटीवरच्यासारखा. सासूबाई माझ्याकडे वळल्या. तीनशे माणसांसमोर खरं बोलून झालेल्या माणसाला तीन माणसांत काय भीती.

"वीट झाली आहे, आई."

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. सासूबाईंनी आपला तुकडा शांतपणे चावून संपवला. त्याला वेळ लागला.

"मलाही तेच वाटलं," त्या म्हणाल्या. "ही लहानपणापासून अशीच, तोंडदेखलं बोलते." आणि सुरी उचलून त्यांनी कडेचा, सगळ्यांत मोठा तुकडा कष्टाने तोडला आणि माझ्या ताटलीत ठेवला. "घ्या. तुम्ही खरं बोललात."

मी तो शेवटपर्यंत खाल्ला. उजवीकडची दाढ पुढे दोन दिवस ठणकत होती. पण एकोणतीस वर्षांत लेकीच्या समोर, लेकीच्या विरुद्ध, सासूबाईंनी माझी बाजू घेण्याची ती पहिलीच वेळ होती. मी आणखी एक तुकडा मागितला.